डावा कप्पा

७ ऑक्टोबर

स्टेशनसमोरच्या सोबा नूडल्सवाल्याने आज दुकानाबाहेरचं काचेचं कपाट काढून टाकलं. त्यात गिऱ्हाइकांना दाखवायला आमच्या हातचे खोटे नूडल्सचे वाडगे होते, टेंपुराची तळलेली भजी होती, ह्यांनी मेणात केलेली कोळंबी होती. आता म्हणे फोटो लावणार. मी म्हटलं, लाव बाबा, फोटोवर धूळ कमी बसते. बिचारा ओशाळला आणि कोळंबी परत देऊन गेला. ह्यांच्या फोटोपुढे ठेवली. खोटी कोळंबी खऱ्या नवऱ्याला, असं मनात आलं आणि एकटीच हसले.

दुपारी नागोयाहून एक डॉक्टरीणबाई आल्या. निवा नाव. मोठ्या इस्पितळात पोटातल्या बाळांची हृदयं तपासतात. मला वाटलं, बाकी पाहुण्यांसारख्या खोटं आइस्क्रीम विकत घ्यायला आल्या असतील. त्यांनी पिशवीतून एक राखाडी गोळा काढला. यंत्राने छापलेलं बाळाचं हृदय. म्हणाल्या, पडद्यावरचं आईबापांना कळत नाही आणि हेही कळत नाही. रंगीत, मऊ, झाकण उघडून आत बघता येईल असं करून द्याल का?

मी सांगितलं, मी भात करते, मासे करते. हृदय म्हणाल तर फक्त कोंबडीचं केलंय, सळईवर भाजलेलं. त्या हसल्या नाहीत. आपली मूठ आवळून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ज्याचं त्याचं हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं असतं. मीही माझी मूठ बघितली. कामाने जाड झालीये. हो म्हटलं. रिकामं बसून तरी काय करणार?

१६ ऑक्टोबर

इस्पितळात जाऊन आले. एका बाईने मला खोलीत बसू दिलं. पडदा म्हणजे नुसती राख, आणि राखेत काहीतरी उघडझाप करतंय. निवाबाई आधी बाळाचं डोकं शोधतात, मग त्याचं पोट कुठल्या अंगाला आहे ते, आणि मगच डावं-उजवं बोलतात. बाळ उलटंसुलटं फिरतं, त्यामुळे पडद्याचं डावं ते बाळाचं डावं नव्हे. मला तर शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वर दोन कप्पे, खाली दोन. उजवा खालचा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो, डावा खालचा साऱ्या अंगाला. पोटात असताना बाळाला श्वास नसतो, म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक खिडकी उघडी असते आणि बाहेर एक आडवाटेची नळी असते. जन्मल्यावर दोन्ही बंद होतात. त्यामुळे मोडकं हृदयसुद्धा पोटात मजेत चालतं. कळतं ते बाहेर आल्यावर.

ती बाई सारा वेळ छताकडे बघत होती. नवरा मात्र प्रत्येक वाक्याला हो हो करत होता. बाहेर पडल्यावर नर्सला हळूच विचारत होता, म्हणजे बाळ ठीक आहे ना. निवाबाई अर्धा तास त्याला ठीक नाही हेच सांगत होत्या.

२२ ऑक्टोबर

आज पंचांगातला कुत्र्याचा वार, कुत्रीसारखं सुखरूप बाळंतपण व्हावं म्हणून पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधायचा. देवळात जाऊन चिहारुसाठी पोटाचा पट्टा आणला आणि कुरियरने पाठवला. सुनेला पाचवा लागला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला इकडेच येणार असं माझ्या तोमोकीने ठरवलंय. ह्यांची खोली रिकामी करायला घेतली आहे. स्नानघरात धरायला दांडा बसवायला हवा.

तोमोकीला फोनवर नव्या कामाचं सांगितलं. म्हणाला, "आई, आता काय हृदयं विकायला बसलीस?" मी म्हटलं, तुझं कधीच विकून टाकलं, त्या पोरीने फुकटात नेलं. पलीकडून चिहारुचं हसू ऐकू आलं. हसते छान, पण बोलत नाही फारसं. शहरातली मुलगी, मला घाबरते की मला कंटाळते, कळायला मार्ग नाही.

६ नोव्हेंबर

पहिला नमुना परत आला. मधल्या पडद्याला भोक असलेलं हृदय होतं. निवाबाई म्हणाल्या, "मारुयाबाई, फार सुंदर झालंय. पण एका बापाने विचारलं, हे खायचं असतं का?" त्या मला मारुयाबाई म्हणतात, दुकानाच्या पाटीवरचं नाव. मीही दुसरं सांगितलं नाही. मलाही त्या आईबापांची नावं कळत नाहीत, कागदावर नुसता आकडा असतो. बरंच आहे.

चकाकी कमी केली. लाल मात्र तोच ठेवला, क्रीम सोड्यावरच्या चेरीचा, त्यात सोयासॉसच्या तपकिरीचा थेंब. तो लाल या गावात कोणाला जमत नाही.

आमच्या धंद्याची सवय काही जात नाही. हे शिकवायचे, नमुना खऱ्यापेक्षा थोडा मोठा करायचा, थोडा लाल करायचा. कोळंबी आहे तेवढी केली तर काचेतून दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते गिऱ्हाइकाच्या हिशेबी नसतंच.

१० डिसेंबर

तोमोकीचा फोन. चिहारु बाळंतपणाला इथे येणार नाही. नागोयालाच मोठ्या इस्पितळात करायचं ठरलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, सोयीचं पडतं. मी म्हटलं, इथल्या घरात थंडी वाजते हे सरळ सांगा ना. तिला फोन दे म्हटलं तर झोपली आहे म्हणे. भर दुपारी.

दांडा बसवून झालाय. सुताराला चहा पाजून उगाच शंभरदा सांगितलं होतं की सून येणार आहे. तोंडघशी पडले. रागाने दुपारभर खोट्या सॅलडची पानं करत बसले. कोमट पाण्यात मेण सोडायचं आणि ओढायचं. पानं मात्र चांगली झाली.

१४ डिसेंबर

निवाबाईंकडून नवं माप आलं. यावेळी चित्र बघून हात थांबला. उजवा खालचा कप्पा फुगलेला, आणि डावा जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी एक फट. साऱ्या अंगाला रक्त नेणारी मोठी नळीसुद्धा सुतळीसारखी. चिठ्ठीत लिहिलंय, डावा कप्पा तांदळाच्या दाण्याएवढा करा, नमुना बाळाच्या हृदयाच्या चौपट असला तरी. मुलगा आहे.

त्याच्या आईने अजून पट्टा बांधला असेल, गोडाचं खाल्लं असेल.

१९ डिसेंबर

साचा दोनदा फाटला. तांदळाएवढी पोकळी सुटतच नाही, ओढली की भिंत तिच्याबरोबर येते. आणि सुटली तरी झाकण उघडल्यावर दिसायचं काय? काहीच नाही. आईबाप बघणार आणि म्हणणार, इथे तर नुसतं मांस आहे.

शेवटी करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी केली. तरी उजव्याच्या मानाने लहानच दिसते, जे सांगायचं ते सांगून होतं. खरं सांगायचं तर तेवढी केली आणि मला बरं वाटलं. इतका वेळ त्या फटीकडे बघून जीव घुसमटत होता.

२४ डिसेंबर

निवाबाईंचा फोन. म्हणाल्या, डावा कप्पा मोठा झालाय. मी म्हटलं, साचा सुटत नाही, आणि दिसायला नको का? मग म्हणाल्या, सुट्ट्यांच्या आधी ते जोडपं यायचंय, दुसरा व्हायला वेळ नाही. मी तोंडी सांगेन की खरा याहून बराच लहान आहे.

प्रश्न मिटला. केकवरच्या खोट्या स्ट्रॉबेरी पोचवून आले.

२ जानेवारी

तोमोकी एकटाच आला. चिहारुला सर्दी झालीये. नव्या वर्षाच्या दिवशी सासूला तोंड दाखवायचं नसेल तर सर्दी होतेच. तसं बोलूनही दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. एरवी लगेच बायकोची बाजू घेतो.

चेहरा उतरलाय त्याचा. माझ्या हातचं नव्या वर्षाचं सूप पुढे ठेवलं तर त्यातल्या मोचीचा, तांदळाच्या चिकट वडीचा, एकच तुकडा उष्टावून उठला आणि कामाच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बघते तर चेरीच्या लाल रंगाची बरणी उघडून वास घेतोय. लहानपणी खोट्या चेऱ्या चोरून शाळेत न्यायचा. मी म्हटलं, काय रे, पुन्हा चोरतोस की काय?

तो म्हणाला, "हा रंग फक्त तूच करतेस ना?"

"फक्त मीच."

"आणि ती हृदयं. ती मापाने करतेस की अंदाजाने?"

आता मात्र मला राग आला. आधीच डोकं तापलेलं. म्हटलं, "अंदाजाने करायला ती काय भजी आहेत? डॉक्टर मिलिमीटरमध्ये लिहून देतात, तेवढंच करते. केसाएवढा फरक नसतो माझ्या कामात."

तो कितीतरी वेळ बरणीचं झाकण लावत राहिला. "म्हणजे जेवढं दिसतं तेवढं असतंच," म्हणाला.

"असतंच," मी म्हटलं.

मग परत येऊन बसला, आणि काय आश्चर्य, तीन मोची खाल्ल्या. जाताना चिहारुसाठी डबा भरून मागितला. माझ्या कामाबद्दल पोराने आयुष्यात पहिल्यांदा चार शब्द विचारले. बापाला हे बघायला हवं होतं.

२० जानेवारी

नदीवर माशांच्या आकाराचे कापडी झेंडे धुवायचा दिवस. पाण्यात पाय घातला तर हाड गोठेल, आणि कुमाझाकी रंगारी कमरेपर्यंत उभा. हे आणि तो एका वर्गातले. मला बघून ओरडला, "वहिनी, या की आत, पाणी गरम आहे." मेला सत्तरीला आला तरी चेष्टा जात नाही.

त्याच्याकडे नातवासाठी एक झेंडा सांगून आले. मुलगा असलेल्या घरी पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी दारात काठीवर मासा फडकला पाहिजे. सून इथे येवो न येवो, मासा माझ्या दारात उडेल. कुमाझाकीने विचारलं, काळा करू की निळा? म्हटलं, काळा, मोठा कर. खवले सोन्याच्या रेघेचे.

मुलगाच आहे हे कळलंय का, असं त्याने विचारलं. नोव्हेंबरातच सांगितलं होतं तोमोकीने.

२७ जानेवारी

हे लिहायला हात चालत नाही.

सुनेशी अबोला किती दिवस धरायचा, म्हणून आज न कळवता नागोयाला गेले. मनात होतं, चार शब्द ऐकवू आणि मग जवळ घेऊ. चिहारुने दार उघडलं आणि पांढरी पडली. पोट चांगलं दिसायला लागलंय. चहा टाकला, संत्री सोलून पुढे ठेवली. मी थंडीबद्दल बोलले, दांड्याबद्दल बोलले. ती मान हलवत होती. मग मी संडासला गेले. येताना झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. गादीशेजारी, उशीला लागून, एका रुमालावर माझा चेरीचा लाल.

आधी वाटलं, नवऱ्याची आई करते म्हणून कौतुकाने आणून ठेवलंय. खरंच तसं वाटलं मला. मग झाकणाची बाजू दिसली. फुगलेला उजवा कप्पा दिसला. असलं हृदय मी एकच केलंय.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून चिहारु म्हणाली, "आई, तुम्ही संडासातल्या सपाता घालूनच आलात." आणि हसली. हसता हसता खाली बसली. मीही बसले, त्या सपातांसकट.

मग तिने सांगितलं. सुट्ट्यांच्या आधी इस्पितळात हे समोर ठेवलं, आणि तोमोकी बघताक्षणी म्हणाला, हे माझ्या आईचं. डॉक्टरांना त्याने काहीच सांगितलं नाही. मला कळू द्यायचं नव्हतं, मी खोली तयार करत होते म्हणून. डॉक्टर म्हणत होत्या, खरा कप्पा याहून लहान आहे, तीन मोठी ऑपरेशनं लागतील, तरीही सांगता येत नाही. "मला काही सुचत नव्हतं," चिहारु म्हणाली. "पण नव्या वर्षाला हे तुमच्याकडे विचारून आले. आईने मिलिमीटर मोजून केलंय म्हणाले. डॉक्टर घाबरवतात, घाबरवायला त्या बांधील असतात. एवढा कप्पा आहे तर वाढेलही. तेव्हापासून जरा झोप लागते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, संत्री गोड आहेत. आणि तीनची गाडी पकडून परत आले.

२८ जानेवारी

काम केलं नाही.

३ फेब्रुवारी

आज घरोघरी भाजलेलं सोयाबीन उधळून राक्षसाला बाहेर काढतात. शेजारची माणसं ओरडत होती. मी उधळलं नाही. माझ्या घरातला राक्षस कुठे बसलाय ते मला माहीत आहे.

सारखं मनात येतं, कशाला सांगायचं? पोरगी झोपतेय. दोन महिने झोपू दे. जे व्हायचं ते ऑपरेशनच्या टेबलावर होईल, तिथे माझा नमुना कोण बघतंय? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, ऑपरेशन करायचं की नाही ते तिला ठरवायचंय. आणि ती माझ्या करंगळीएवढ्या थापेवर ठरवतेय. "केसाएवढा फरक नसतो." हे मी बोलले. या तोंडाने. कोणी विचारलं नव्हतं इतकं छाती फुगवून सांगायला.

९ फेब्रुवारी

निवाबाईंना फोन केला. म्हटलं, ते डिसेंबरातलं हृदय मापाप्रमाणे पुन्हा करून देते. त्या म्हणाल्या, आता गरज नाही, मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. मी म्हटलं, त्यांचा तुमच्यावर विश्वास बसलेला नाही. माझ्यावर बसलाय. तो माझा नातू आहे.

मग त्या एवढंच म्हणाल्या, "मारुयाबाई, माप तुमच्याकडे आहे. करा." आवाज बदलला होता त्यांचा.

१४ फेब्रुवारी

तांदळाएवढी पोकळी शेवटी सुटली. साचा ओढून नाही, सुई तापवून मागून कोरली. व्हिनाइल, ज्याची ही हृदयं करते ते मऊ प्लॅस्टिक, बारीक कुरकुरलं. इतका वेळ डोळ्याजवळ धरलं की चष्मा ओला झाला. डिसेंबरात एवढाच खटाटोप केला असता तर? पण तेव्हा ते आकड्याचं हृदय होतं.

१६ फेब्रुवारी

रविवार, तोमोकीही घरी होता. दोन्ही हृदयं टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. साचा, दिसणं, ह्यांची शिकवण, नव्या वर्षाची फुशारकी, सगळं. खाली बघूनच बोलले.

तोमोकी उठून खिडकीशी गेला. पाठ फिरवूनच म्हणाला, "तुला एकदाच विचारलं होतं मी, आई. जन्मात एकदा."



मग त्याने उरलेलं सांगितलं. या महिन्यातल्या तपासणीत वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकीसुद्धा मिटत आलेली दिसली. ती मिटली की फुप्फुसांकडून आलेलं रक्त कोंडतं. निवाबाईंनी सांगितलंय, जन्मल्याबरोबर छाती उघडता येईल, पण त्याला त्यातून काय मिळेल ते वचन देणार नाही. नाहीतर नळ्या न लावता कुशीत ठेवायचं. दोन्हीपैकी काहीही ठरवलंत तरी ते चूक नाही. हे तिघांतल्या कोणालाच ऐकायचं नव्हतं. चूक-बरोबर कोणीतरी सांगायला हवं होतं.

चिहारुने नव्या नमुन्याचं झाकण उघडलं. करंगळी डाव्या कप्प्याशी नेली. गेली नाही. पुन्हा नेली. नखाचं टोकसुद्धा गेलं नाही.

"मी रोज झोपताना इथे बोट ठेवायचे," ती म्हणाली. "जुन्यात. म्हटलं, त्याला कळेल आत कोणीतरी आहे."

मी हुंदका आवरायला तोंडावर रुमाल धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती. बोट हळूच उजव्या कप्प्यात सरकवलं. ते आरामात बसलं.

"सगळं हाच करतोय का? एकटा?"

"एकटाच," मी म्हटलं. या वेळी मापून.

"मग आता इथे ठेवेन," ती म्हणाली.

५ मार्च

तोमोकीचा फोन. छाती उघडायची नाही असं ठरलं. दोघांनी मिळून ठरवलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि भाताचा कुकर तसाच रिकामा लावून बसले. खरं बोलले नसते तर त्यांनी ऑपरेशन केलं असतं. आणि कोणी सांगावं, शंभरातलं एखादं वाचतंही. हे कोणाला विचारायचं तेही कळत नाही. निवाबाई विचारल्यावर म्हणतात, नाही, तसं समजू नका. त्या म्हणणारच.

तोमोकी हल्ली फोनवर मला आई म्हणत नाही. कामापुरतं बोलतो.

१२ मार्च

कुमाझाकी झेंडा घेऊन आला. घडी उलगडून दाखवायला लागला, सोन्याच्या रेघा कशा उठल्यात. मी म्हटलं, ठेव. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घडी घातली. चेष्टा केली नाही. चहाही न घेता गेला.

२५ मार्च

आज सकाळी झाला. रडला. सगळ्यांना ऐकू आलं.

मला वाटलं होतं निळा असेल. गुलाबी होता. निवाबाई म्हणाल्या, आडवाटेची नळी अजून उघडी आहे, थोडा वेळ असा राहील. इतक्या वर्षांत मी तो रंग कधी केला नाही, आणि मला जमणारही नाही. नाव सेइजी ठेवलंय. चिहारुच्या उघड्या छातीवर पालथा घातला होता. तोमोकी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता आणि बाळाला बेसबॉलचं काहीतरी सांगत होता.

दुपारी चिहारुने त्याला माझ्या हातात दिलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, घ्या. त्याने माझा अंगठा धरला. त्याची मूठ माझ्या अंगठ्यावर पुरती मिटत नव्हती. मी ती मूठ माझ्या हातात घेऊन बसले, तो झोपेपर्यंत. मग श्वास जोरात चालायला लागला, तेव्हा परत आईकडे दिलं.

२६ मार्च

संध्याकाळी गेला. आईच्या अंगावरच.

२७ मार्च

दहनाचं विचारायला तोमोकीबरोबर गेले. तिथल्या माणसाने सकाळची पहिली वेळ दिली. भट्टी थंड असते तेव्हाची. इतकं लहान बाळ असलं की नंतरच्या आचेत हाडं उरत नाहीत, पहिल्या वेळेला मिळतात. हळू आवाजात, खाली बघून सांगितलं त्याने. पेटीत काय ठेवता येईल तेही सांगितलं. कपडे, फुलं, कागद चालेल. प्लॅस्टिक, व्हिनाइल, रबर चालणार नाही.

चिहारुने रुमालातली दोन्ही हृदयं तयार ठेवली होती. तोमोकीने तिला सांगितलं की यातलं एकही नेता येणार नाही. तिने दोन्ही पुन्हा गुंडाळली. मग मला म्हणाली, "आई, मेणाचं चालेल?"

तोमोकीने फोन करून विचारलं. थोडं असेल तर चालेल, मेण पूर्ण जळतं, असं तो माणूस म्हणाला.

"मग एक करून द्याल?" चिहारु म्हणाली. "या वेळी डाव्याला पुरेशी जागा ठेवा."

मी तोमोकीकडे बघितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, "कर, आई."

२८ मार्च

पहाटेच्या गाडीने घरी येऊन ह्यांची मेणाची कढई काढली. मेणात हृदय कधी कोणी केलं नसेल. चेरीचा लाल घातला, मग आठवून त्यात पांढरा घातला, बराच. निवाबाईंचा कागद समोर घेतला नाही. चारही कप्पे केले, दोन्ही खालचे सारखे, भिंती जाड, मोठी नळी मोठी. मधली खिडकी बंद केली, जन्मलेल्या बाळाची असते तशी, कारण आता तिची गरज नव्हती.

माप एकच घेतलं. त्याची मूठ माझ्या हातात होती तेवढ्या वेळात माझ्या तळव्याने ते घेऊन ठेवलं होतं. चौपट नाही, थोडं मोठं नाही, तेवढंच.

२९ मार्च

चिहारुने ते त्याच्या मुठीशेजारी ठेवलं. दोन्ही एकसारखी होती. तोमोकीने काळ्या माशाची घडी पायाशी ठेवली, कापडच ते, चालतं.

हाडं मिळाली. थोडी, पण मिळाली. आम्ही तिघांनी रीतीप्रमाणे काड्यांनी उचलून कलशात ठेवली. मेणाचं काही उरलं नव्हतं. तो माणूस म्हणाला होता तसंच.